सहा चुली, दोनशे वर्षं

निअँडर्थलांच्या वस्तीचं माझ्या मनातलं चित्र जुनं होतं. कातळाचा आडोसा, त्याखाली पाच-सहा चुली, प्रत्येकीभोवती एक कुटुंब. स्पेनमधल्या अल्कॉय शहराजवळच्या 'एल साल्ट' या स्थळानं ते पुसलं.

तिथं सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वीच्या एकाच थरात सहा चुली सापडल्या. (चूल म्हणजे मांडलेले दगड नव्हेत, जमिनीवरचा काळपट डाग.) थर एक म्हणून काळही एक, असं आपण सहज धरून चालतो. पण बोटभर माती साचायला किती काळ लागला, ते माती सांगत नाही. इतक्या जुन्या काळात कार्बन-कालमापनही पिढ्यांचा फरक दाखवू शकत नाही.

उत्तर निघालं ते चुलीखालच्या भाजलेल्या मातीतून. तिच्यातली लोहयुक्त खनिजं तापून थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात, आणि ही दिशा काळाबरोबर सरकत राहते. दोन चुलींतल्या दिशा वेगळ्या, तर त्या एका वेळी पेटलेल्या नाहीत. म्हणूनच नमुना उचलण्याआधी त्यावर दिशेची खूण करावी लागते. ती राहिली तर नमुना फुकट.

हे संशोधन २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. पहिल्या आणि शेवटच्या चुलीत किमान २०० वर्षांचं अंतर! शेवटची चूल पेटवणाऱ्यानं पहिली पेटवणाऱ्याला पाहिलेलं असणं शक्यच नाही. चुली मोजून टोळीतली माणसं मोजायची माझी सवय इथंच मोडली.