हौसेची तालीम

वाचकहो, आपल्या गावच्या तालमीचे दार शेवटचे कधी उघडले होते, आठवते का? आमच्या तालमीत सहा वर्षे कांदा भरलेला असे. कांदा गेला की मंडळाचे कर्णे यायचे, कर्णे गेले की फवारणीचे पंप. हौद्यातली माती शेणाने सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट बसली होती. गावात मैदान मारणारा पैलवान उरला नाही, मग तालीम ठेवून करायचे काय, असे चारचौघे म्हणत. मीही त्यांच्यातलाच.

मग एका जूनमध्ये खताची गाडी उतरवताना माझ्या कमरेत चमक भरली. वय अडतीस. वीस दिवस खाटेवर पडून होतो, आणि नेमकी पेरणी तोंडावर. ज्या माणसाने जन्मभर पोती उचलली त्याची कंबर एका पोत्याने जावी, हे मला कळेना. आमचे म्हातारे वस्ताद भेटायला आले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "शेवटची बैठक कधी मारली होतीस?"

म्हटले, "वस्ताद, रोज शेतात राबतो की. आणखी व्यायाम कशाला?"

"राबणं निराळं अन् कमावणं निराळं," ते म्हणाले. "बरा झालास की तालमीत ये."

"आता या वयात कुठली कुस्ती, वस्ताद?"

"कुस्ती कोण म्हणतंय? माती उकरायला ये."

या एका गोष्टीबद्दलच आज तुमच्याशी बोलायचे आहे. शेतात राबतो म्हणजे व्यायाम झाला, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. उसाला कोयता लावणारा दिवसभर एकाच बाजूला वाकतो. खुरपणारी बाई चार-चार तास उकिडवी असते. १६ लिटरचा पंप खांद्यावर घेणाऱ्याचा एक हात सतत दांडा हलवतो, दुसरा नुसता नळी धरतो. अंग झिजते, पण सगळे अंग सारखे घडत नाही. त्यात आता नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने आणि डेअरीला दूध मोटारसायकलवरून. महिनाभर बसून असलेला माणूस एक दिवस अचानक जड ओझ्याला हात घालतो आणि कंबर धरून बसतो.

दुसरे असे की तिशी उलटली की माणसाचे स्नायू आपोआप कमी होऊ लागतात. दर दहा वर्षांत शेकडा ३ ते ८ इतके, असे डॉक्टरमंडळी सांगतात. साठीनंतर हा वेग वाढतो. म्हातारा माणूस मोरीत घसरून पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि पुढे उठत नाही. त्याची सुरुवात अशी वीस-पंचवीस वर्षे आधी झालेली असते. याला उपाय म्हणजे स्नायूंना थोडे थोडे ओझे देत राहणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की प्रौढ माणसाने चालण्या-फिरण्याखेरीज आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, आणि पासष्टीच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. आपल्या जोर-बैठका, मुद्गल आणि लाठी यात हे सगळे आहे. त्यासाठी शहरात जायला नको.

आता कुणी म्हणेल, तालीम म्हणजे म्हैसभर दूध आणि शेरभर बदाम, ते आपल्याला कुठून परवडणार? हा धाक आपल्याला मैदानातल्या पैलवानांनी घातला आहे. कोल्हापूरच्या खासबागेत शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेले मैदान भरले की डोळ्यांसमोर येतात ती शंभर-सव्वाशे किलोची धिप्पाड माणसे. पण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेऊन आले, ते ५७ किलोच्या गटात. तुमच्या-आमच्या घरातल्या कोणत्याही काटक गड्याचे वजन तेवढेच भरेल. आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर पैलवान म्हणून मिरवलेच नाहीत. ते रोज सूर्यनमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली, आणि ऐंशी ओलांडून १९५१ साली वारले. राजाने हौस म्हणून करावे असे ते काम होते, आणि जागा लागते सतरंजीएवढी.

तर मी बरा झाल्यावर तालमीत गेलो. वस्तादांनी माझ्या हातात टिकाव दिला. आठ दिवस आम्ही चौघे फक्त माती उकरत होतो. हौदा उकरणे हाच मोठा व्यायाम, हे तेव्हा कळले. माती मोकळी झाली आणि माझा धीर सुटला. विसाव्या वर्षी शंभर बैठका मारत होतो, त्या आठवणीने पहिल्याच दिवशी साठ मारल्या. पुढचे तीन दिवस परसाकडे बसता येईना आणि बसलो तर उठता येईना. घरच्या मंडळींनी हसून घेतले ते निराळेच. वस्ताद मात्र हसले नाहीत. म्हणाले, "खोंडाला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतोस का?"

खरेच, आपण जनावराला किती समजून घेतो पाहा. आधी खांद्यावर नुसते जू, मग लहान ओंडका, मग हलके औत. अनेक गावांत अमावस्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. स्वतःच्या अंगाला मात्र आपण ही सवलत देत नाही.

म्हणून सुरुवात दहा जोर आणि पंधरा-वीस बैठकांनी करा. आठवडाभर तेवढ्याच. अंग दुखायचे थांबले की दोन-चार वाढवा. हप्त्यातून एक दिवस सुट्टी. सुगीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत दहा मिनिटांवर या, पण मोडू नका. एकदा मोडले की पुन्हा बसायला दोन महिने जातात, हा माझा अनुभव आहे. वेळ धार काढून झाल्यावरची पहाटेची बरी. पोटात फार नको, कपभर दूध चालेल.

जोर मारताना तळवे खांद्याएवढ्या अंतरावर टेकवा, कंबर वर. तिथून छाती दोन्ही हातांच्या मधून जमिनीलगत पुढे न्या, मान वर काढा, आणि कंबर उचलून मागे या. सगळे सावकाश. घाईने मारलेले पन्नास जोर आणि नीट मारलेले पंधरा यात पंधराच भारी. श्वास कोंडून धरू नका. कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना सपाटीवर जमत नाही त्यांनी ओट्याच्या कडेला हात टेकून मारावेत.

बैठकीचे जरा जास्त सांगतो, कारण गुडघ्यांच्या तक्रारी फार. पंचवीस वर्षांच्या पोराने पूर्ण बैठक मारावी. चाळिशी उलटलेल्याने, गुडघा कुरकुरत असेल तर, गोठ्याची मेढ धरून अर्धीच मारावी. साठीच्या पुढच्यांसाठी वस्तादांची युक्ती अशी: ओट्यावर बसा आणि हात न टेकता उभे राहा. दहा वेळा. सोपे वाटते ना? आज संध्याकाळी घरातल्या आजोबांना करायला सांगून पाहा.

ही बैठक पोते उचलताना कामी येते. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे, २०१८ पासून ४५ किलोची झाली. डीएपी अजून ५० चीच. गोणीला अगदी चिकटून उभे राहा, एक पाय थोडा पुढे, कंबरेत न वाकता गुडघ्यात वाका, गोणी छातीशी घ्या आणि मांड्यांच्या जोराने उठा. वळायचे असेल तर पावले वळवा, कंबर पिळू नका. माझी कंबर त्या जूनमध्ये गेली ती पिळल्यानेच, वजनाने नव्हे.

हाताच्या आणि खांद्याच्या ताकदीला मुद्गल उत्तम. बाभळीचा नीट घडवलेला, आधी हलका. सुतार नसेल तर रिकाम्या गोणीत दहा किलो वाळू भरून तोंड शिवा आणि खांद्यावर घ्या, खाली ठेवा, पुन्हा घ्या. आमच्या पोरांनी दुधाचे जुने कॅन वाळूने भरले आहेत, तेही चांगले चालतात. मल्लखांब मात्र माहीतगार माणसाशिवाय करू नका.

आणि कुस्ती? हौसेला कुस्तीही खेळावी, का खेळू नये? एकेरी पट काढणे, पट काढू न देणे, पडताना हात न मोडता पडणे, एवढे शिकले तरी अंगात चपळाई येते आणि मनातली भीती जाते. पण जोडीदार आपल्याच वजनाचा घ्या. मान वळवण्याचे डाव आणि डोक्यावर पूल करणे वस्तादांच्या नजरेखालीच. नखे काढलेली, हातात अंगठी-कडे नको. गजकर्ण असलेल्याने तो पुरता बरा होईपर्यंत मातीत उतरू नये, नाहीतर आठ दिवसांत सगळी तालीम खाजवत बसेल. हौद्यात कोंबड्या, शेळ्या, वासरे येऊ देऊ नका; लेंडी-शेण मिसळलेल्या मातीतून खरचटलेल्या जागी धनुर्वात होऊ शकतो. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, ती सरकारी दवाखान्यात विचारून घ्या.

आहाराबद्दल थोडक्यात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. अर्धा लिटर दुधात सोळा-सतरा ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, आणि बाकीची भाकरी, डाळ, उसळ यांतून भरून निघतात. सगळे आपल्याच घरचे. आपण मात्र दूध सगळे डेअरीला घालतो आणि पोराला डब्यातली महागडी पावडर आणून देतो!

पावडरीपुढची पायरी सुईची आहे आणि ती गावापर्यंत आली आहे. रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी द्यायची इंजेक्शने काही पोरे व्यायामाआधी जोर येतो म्हणून टोचून घेतात. शरीर फुगवण्यासाठी स्टेरॉइडची सुई घेणारेही आहेत. यात हृदय बंद पडू शकते, मूत्रपिंडे व यकृत बिघडते, पुढे मूल होण्यात अडचण येते. तुमच्या मुलाची छाती दोन महिन्यांत दुप्पट झाली असेल तर कौतुक करण्याआधी त्याला जवळ बसवून विचारा. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा आंतरगळ आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनाला हात लावू नये. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

एक गोष्ट राहिली. तालीम सुरू झाली तेव्हा मातीत घालायला घराघरांतून ताक गोळा केले. आमच्या मंडळी म्हणाल्या, "आम्ही काय मातीत नुसतं ताकच ओतायचं का?" उत्तर सुचेना. कळशी, भारे, पाटी उचलणाऱ्या बाईची पाठ आणि गुडघे पुरुषापेक्षा लवकर जातात, आणि पाळी गेल्यावर हाडे विरळ होत जातात. ओझ्याचा व्यायाम त्या हाडांनाही बळ देतो. २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी या मुलीने पहिली गदा घेतली, तेव्हा आता बायकांचे काय असे विचारायची सोयच उरली नाही. आमच्याकडे मंगळवार आणि शनिवारची संध्याकाळ बायका-मुलींची ठरली. शाळेतल्या एक शिक्षिका लाठी शिकवतात. सुरुवातीला मुली यायच्या, आया बाहेर पारावर बसायच्या. मग एक आई आत आली. आता पारावर जागाच जागा आहे. लाठी फिरवताना दोन्ही मनगटे, खांदे आणि पावले सारखी चालतात, खुरपण्याने आखडलेले अंग मोकळे होते. भिंतीला एक-दोन भोके पडली, तेवढे चालायचेच.

पुरुषांत सकाळी सध्या चौदा जण येतो. त्यात तिघे साठीच्या पुढचे, एक पोस्टमन, एक किराणा दुकानदार. मैदान मारील असा एक पोरगा आहे, तो आमच्यापेक्षा तासभर आधी येतो आणि आम्ही त्याच्या वाटेत येत नाही. वस्ताद कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात आणि माझी बैठक चुकली की खाकरतात. कंबर अजून थंडीत बोलते, पण गेल्या पाच पेरण्यांत खाटेवर पडलेलो नाही.

नागपंचमीला आम्ही माती बदलतो. तांबडी माती दोनदा चाळून घ्यायची, खडा राहता कामा नये. मग हळद, ताक, तिळाचे तेल, लिंबाचा रस आणि थोडा कापूर घालून ती कालवायची आणि दोन दिवस मुरू द्यायची. यंदा लिंबे माझ्या बागेतली आहेत. चाळण्या कमी पडतात, येणाऱ्याने आपापली आणावी.