बघ्यांच्या गर्दीची जात कोणती?

पुणे जिल्हा जिथे संपतो तिथे नीरा नरसिंहपूर आहे. इंदापूर तालुक्याच्या या टोकाला नीरा आणि भीमा एकमेकींना भेटतात. नीरेच्या पलीकडे माळशिरस तालुका, भीमेच्या पलीकडे माढा. गेल्या महिन्यात तिथल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी आम्ही गेलो होतो. चहा झाला, चळवळीच्या गोष्टी झाल्या. घरातली मुलगी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला निघाली होती, तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दारामागच्या खुंटीला कोयता अडकवला होता, जनावरांसाठी उसाचे वाढे आणायचा. त्याच्याकडे बोट करून मुलीची आई म्हणाली, "दादा, आमच्याकडं ह्यानं ऊस तोडत्यात. पुण्यात म्हणं माणसं तोडत्यात. मी लेकीला बजावून ठेवलंय, रस्त्यात काय बी होऊ दे, खाली मान घालून पुढं चालायचं. थांबायचं नाही, बघायचं नाही, कुणाच्या साक्षीला तर मुळीच जायचं नाही."

आम्ही त्या माउलीला उत्तर देऊ शकलो नाही. तिचे चुकले असे म्हणायला आम्हाला तोंड नव्हते. तिचे बरोबर आहे असे म्हटले असते, तर घराच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघता आले नसते. परतीच्या एस.टी.त तोच विचार डोक्यात होता. तिला जे तेव्हा सांगता आले नाही ते आज लिहीत आहोत.

इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात कोयता हे पोट भरण्याचे हत्यार आहे. तोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात माणसे म्हणून जागा नसते. दोघे मिळून 'एक कोयता' धरला जातो. त्याच हत्याराचे नाव २०२२-२३ पासून पुण्यात दहशतीचे नाव झाले. 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज छापून येऊ लागला. विधिमंडळात चर्चा झाल्या. पोलिसांच्या गाड्या झोपडपट्ट्यांत शिरल्या आणि वस्तीतला प्रत्येक तरणा पोरगा संशयित ठरला. कोयता कोणाच्या हातात आहे यावर रकानेच्या रकाने भरले. कोयता चालत असताना भोवतीचे शेकडो हात काय करत होते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला.

२७ जून २०२३ ची सकाळ आठवा. पुण्याची सदाशिव पेठ. स्वतःला राज्याची सांस्कृतिक राजधानी म्हणवणाऱ्या शहराचा हा मध्य. एकतर्फी प्रेमातून एक तरुण कोयता घेऊन एका महाविद्यालयीन मुलीच्या मागे धावत होता. ती जीव घेऊन पळत होती, मदत मागत होती. रस्ता ओस नव्हता. माणसे होती, दुकाने होती, वाहने होती. धावून गेला तो लेशपाल जवळगे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी. त्याने कोयता धरला. हर्षद पाटील आणि आणखी काही तरुण पुढे आले आणि मुलगी वाचली. जवळच्या पेरूगेट पोलीस चौकीत त्या वेळी कोणी हजर नव्हते, म्हणून तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले. कॅमेऱ्याने सगळे टिपले, पण कॅमेरा कोणाला वाचवत नसतो.

लेशपाल मूळचा माढा तालुक्यातला, म्हणजे नरसिंहपूरच्या घाटावर उभे राहिले तर भीमेच्या पैलतीराचा. त्या माउलीच्या लेकीसारखाच तोही पुस्तके घेऊन पुण्याला आलेला. त्याच्याही घरी कोणी तरी त्याला हेच बजावले असेल की पोरा, कोणाच्या भानगडीत पडू नकोस. त्याने ऐकले नाही, म्हणून एका घरातली लेक जिवंत आहे.

पुढे जे घडले ते अधिक लाजिरवाणे आहे. सत्काराचे हार सुकले नाहीत तोच त्याला विचारणा सुरू झाली, मुलगी कोणत्या जातीची? आणि तू कोणत्या जातीचा? लेशपालने याबद्दलचा संताप स्वतःच जाहीरपणे व्यक्त केला. वाचकहो, मरता मरता वाचलेल्या मुलीची आणि तिला वाचवणाऱ्याची जात ज्यांना हवी होती, त्यांनी नकळत या सगळ्या प्रश्नाची किल्लीच आपल्या हाती दिली आहे.

बघ्यांची गर्दी पुण्यातच जमते असे नाही. मुंबईत अंबोलीला ऑक्टोबर २०११ मध्ये मैत्रिणींच्या छेडछाडीला विरोध करणाऱ्या दोन तरुणांना भर रस्त्यात भोसकले गेले. बघणारे बघत राहिले. जून २०२४ मध्ये वसईत एका तरुणीला लोखंडी पान्याचे घाव घालून दिवसाढवळ्या मारले गेले. एकाने अडवण्याचा प्रयत्न केला, त्याच्यावर पाना उगारताच तोही मागे हटला. बाकीच्यांनी तेवढेही केले नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात येरवड्याला एका कंपनीच्या वाहनतळावर तरुणीवर वार झाले. मारेकऱ्याच्या हातात शस्त्र होते तोवर भोवतीच्या गर्दीतले कोणी पुढे आले नाही. त्याच्या हातातले शस्त्र गेल्यावर मात्र त्याला चोप द्यायला गर्दीला जोर आला.

अशी बातमी आली की गावाकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, 'शहरात माणुसकी उरली नाही.' म्हणजे ती गावात आहे! मग २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली तेव्हा गावची माणुसकी कुठे गेली होती? २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात आपला शाळकरी मुलगा शाळेच्या आवारातून मारत नेला गेला. तेव्हा बघणारे परके नव्हते, त्याला नावाने ओळखणारे होते. आणि २०१७ साली न्यायालयात साक्षीदार एकामागून एक फिरले, आरोपी निर्दोष सुटले. शहरातला बघ्या घटनेच्या वेळी पाठ फिरवतो. गावातला बघ्या साक्षीच्या वेळीही पाठ फिरवतो. मग शहराच्या नावाने बोटे मोडून काय उपयोग?

गर्दी भित्री असते असेही म्हणवत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात गर्दी भित्री नव्हती. मुले पळवणारे आले, अशी अफवा उठली आणि भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले. निःशस्त्र भटक्यासमोर शूर आणि शस्त्रधाऱ्यासमोर मुकी, अशी ही गर्दी आहे. तिला धैर्य नाही असे नाही. समोरचा आपला की परका, वरचा की खालचा, हे पाहून ती आपले धैर्य वापरते.

बाबासाहेबांनी हे दुखणे १९३६ सालीच ओळखले होते. 'जातिभेदाचे निर्मूलन' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले आहे की जातीने या देशातली सार्वजनिक वृत्तीच मारून टाकली. माणसाचे जग त्याच्या जातीपुरते उरले. त्याची दया जातीपुरती, त्याची जबाबदारीही जातीपुरती. समोर मार खाणारा माणूस त्या कुंपणाबाहेरचा असेल तर त्याच्यासाठी काळीज हलायचे कसे? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची फारकत करता येत नाही, आणि बंधुता नसेल तर उरलेली दोन वरवरच्या रंगासारखी ठरतात. सदाशिव पेठेतल्या त्या रस्त्यावर संविधानाने दिलेले फिरण्याचे स्वातंत्र्य होते, कायद्यासमोरची समानता होती. नव्हती ती बंधुता. एका विद्यार्थ्याने ती तिथे आणली.

आता भीतीबद्दल बोलू. माउलीची भीती खोटी नाही. शस्त्रासमोर जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. त्याहून मोठी भीती पोलीस ठाण्याची आहे. वस्तीतला पोरगा साक्षीदार म्हणून गेला तर संशयित होऊन बाहेर येतो, हा आपला पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. कोर्टाची तारीख पडली की हातावर पोट असणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. बंगल्यात राहणाऱ्याने पाठ फिरवणे आणि मजुराने पाठ फिरवणे एकाच तराजूत तोलता येणार नाही. शासनाला साक्षीदार हवे असतील तर त्यांचे रक्षण ही शासनाची जबाबदारी आहे. त्यासाठी राज्याने २०१७ साली कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात १५-अ हे कलम घालून पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला गेला. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांनी त्रास द्यायचा नाही, हे २०१६ च्या न्यायालयीन निकालाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने ठरले आहे. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेचे कलम ३५ देते. एवढे सगळे कागदावर आहे. ते वस्तीपर्यंत का पोहोचले नाही? पोलीस ठाण्यात त्याचा फलक का नाही? हे प्रश्न आपण मोर्चात विचारले पाहिजेत.

परंतु दुसऱ्यांना प्रश्न विचारताना आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. आपल्या समाजावर अत्याचार झाला की आपण रस्त्यावर येतो, आलेच पाहिजे. पण वसईची ती मुलगी, येरवड्याची ती मुलगी, राईनपाड्याचे ते भिक्षेकरी यांच्यासाठी आपल्या किती वस्त्यांत सभा झाली? तीही आपलीच माणसे होती. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी माणसाचा हक्क म्हणून पाण्याला हात लावला. 'मला काय त्याचे' ही जातीची भाषा आहे, आपली नव्हे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. विहारांत, अभ्यासिकांत, वसतिगृहांत चार तास या कामासाठी द्या. एकट्याने शस्त्रावर झेप घेण्याची गरज नाही. आधी ओरडा, माणसे गोळा करा, चार जण मिळून पुढे व्हा. ११२ वर फोन करा. चित्रण केलेच तर ते करमणुकीसाठी पसरवू नका, तपास अधिकाऱ्याच्या हाती द्या. जखमीला दवाखान्यात न्या. आणि साक्षीची तारीख आली की त्या साक्षीदारासोबत वस्तीतली दहा माणसे कोर्टात जाऊन बसू द्या. ज्याची मजुरी बुडाली त्याला वर्गणीतून ती द्या. एकटा साक्षीदार फुटतो, पाठीशी वस्ती असलेला साक्षीदार सहसा फुटत नाही.

नरसिंहपूरच्या देवाच्या कथेत खांब फुटतो आणि देव बाहेर येतो. सदाशिव पेठेत कोणताही खांब फुटला नाही. आला तो हाडामांसाचा माणूस, पाठीवर परीक्षेचे ओझे असलेला. माउली, तुमच्या लेकीला जपून राहायला जरूर सांगा. पण खाली मान घालून चालायला सांगू नका. आपल्या बापजाद्यांनी शेकडो वर्षे तशीच मान घातली होती आणि ती वर काढायला एका माणसाने आपले आयुष्य वेचले. लेकीला सांगा, रस्त्यात कोणाची हाक आली तर थांब, ओरड, चार जणांना बोलाव. उद्या तिने हाक मारली तर थांबणारे कोणी तरी त्या रस्त्यावर असले पाहिजे ना?