शेक संपल्यानंतरचे पंधरा दिवस

माझं माहेर भंडारदऱ्याजवळचं शेंडी. नोकरी नाशिकला, रेडिएशन विभागात सिस्टर म्हणून. भाताच्या आवणीच्या दिवसांत घरी गेले की ओटीवर दोन-चार बायका येऊन बसतातच. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मावशी आल्या. स्तनाच्या कॅन्सरचा शेक, म्हणजे रेडिएशन, संपून आठवडा झाला होता. “शेक चालू होता तवर काही नव्हतं, आता घरी आल्यावर सोलायला लागलंय. उलटलं का गं पोरी?”

उलटलं काही नव्हतं. कातडीच्या तळाशी नव्या पेशी घडवणारा थर असतो, त्यालाही किरणांचा मार बसतो. वरची कातडी झिजत राहते आणि खालून भरपाई येत नाही. म्हणून लाली, खाज, काळेपणा शेक सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दिसतो आणि शेवटच्या शेकानंतर आठवडा-दोन आठवड्यांत सगळ्यात वाढतो. पूर्वी 25 शेक पाच आठवडे चालत. बरंचसं आमच्या डोळ्यांसमोर व्हायचं. आता पुष्कळजणींना 15 शेक, तीन आठवडे. यात कातडीला त्रास कमीच होतो, पण जो होतो तो घरी, डॉक्टरांच्या नजरेआड.

मावशींनी हळद-तेल थापलं होतं. उघड्या कातडीवर हळद, हिरड्याचा लेप, चुना काहीच नको. कोरफडीचाही ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. साध्या साबणाने हलक्या हाताने आंघोळ करावी, टिपून घ्यावं, सोललेलं कोरडं असेल तर बिनवासाचं मलम लावावं. खाज असह्य झाली तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात. ते मनाने दुकानातून आणू नये.

खरी जोखीम स्तनाखालच्या घडीत आणि काखेत. तिथे कातडी ओली होऊन पाणी सुटतं. कापूस चिकटतो, म्हणून न चिकटणारी सिलिकॉनची पट्टी लावतात. आमच्याकडच्या पावसात चिखलात वाकून दिवसभर ओलं पोलकं अंगावर म्हणजे जखमेला आमंत्रणच. मावशींना मी आवणीतून उठवलं. सून रागावली, रागावू दे.

बहुतेकींची कातडी महिनाभरात भरून येते. पुढे कधी काही महिन्यांनी, वर्षांनी ती जागा कडक होते, बारीक लाल शिरा दिसतात. शिरांवर लेसर चालतो. खांदा आखडू नये म्हणून हाताचे व्यायाम मात्र आधीपासूनच हवेत. शेकाची जागा उन्हात झाकावी.

ताप, पू किंवा वास आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही नसलं तरी शेक संपल्यावर दहाएक दिवसांनी एकदा दाखवून या. आवणी घरचे उरकतील.