फोटोतला रुपया पारखताना
पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया फोटोवरून पारखताना नजर आधी उंचवट्यांवर न्यावी: मुकुट, भुवई, कान आणि झग्यावरचा चिमुकला हत्ती. झीज तिथूनच सुरू होते. पण समोरून पाडलेला प्रखर उजेड झीज लपवतो आणि घासून चकचकीत केलेलं नाणंही टांकसाळीतून नुकतंच आल्यासारखं भासतं. सपाट भागावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसले, तर ते घासलेलं समजा. त्यापेक्षा काळवंडलेलं, न घासलेलं नाणं कधीही बरं. विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातले दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा. वजनकाट्यावरचाही मागा, अस्सल, न झिजलेला रुपया सुमारे ११.६६ ग्रॅम भरतो.