अश्वगतिदोष : दंतचिकित्सा व मेरुहस्तोपचार

घोड्याच्या चालण्याच्या, दौडण्याच्या किंवा वळण्याच्या स्वाभाविक लयीत होणाऱ्या बिघाडास गतिदोष म्हणतात. लंगडणे हा त्याचा सर्वपरिचित प्रकार होय. परंतु पाऊल आखूड पडणे, एका बाजूस वळण्यास नकार देणे, मान वाकडी धरणे, मागील पाय फरफटत ओढणे व खोगीर घालताना अंग चोरणे हेही गतिदोषच आहेत. त्यांचे कारण बहुधा खुरात वा पायात असते. काही वेळा मात्र ते तोंडात, पाठीत किंवा मज्जारज्जूत असते. तोंडातील कारणांवर दंतचिकित्सेने, तर पाठीतील काही कारणांवर मेरुहस्तोपचाराने म्हणजेच कायरोप्रॅक्टिक पद्धतीने (पाठीच्या कण्याच्या सांध्यांवर हाताने नेमका व जलद दाब देऊन) उपचार करतात. हे दोन्ही उपचार निदानानंतर योजावयाचे आहेत. ते निदानाची जागा घेऊ शकत नाहीत.

यांत्रिक वाहनांच्या प्रसारामुळे महाराष्ट्रातील घोड्यांची संख्या पुष्कळ घटली आहे. तथापि माथेरान येथे प्रवासी व सामान वाहण्यासाठी, मुंबई व पुणे येथे शर्यतींसाठी आणि इतरत्र लग्नाच्या वरातींसाठी घोडे पाळले जातात. शर्यतीच्या घोड्यास तज्ञांची सेवा सहज मिळते. वऱ्हाडातील चांदूर रेल्वेसारख्या गावी एकदोन जनावरांवर निर्वाह करणाऱ्या घोडेवाल्याची स्थिती वेगळी असते. ऐन लग्नसराईत घोडा लंगडला, की वर्षाची कमाई बुडते. त्यामुळे कारण न शोधता त्यास डाग देण्याकडे किंवा तसेच कामास जुंपण्याकडे कल होतो. यात जनावराचे हाल होतातच, शिवाय बरा होण्याजोगा विकारही कायमचा होऊन बसतो.

परीक्षा : प्रथम जनावराची माहिती घेऊन ते उभे असताना तपासतात व नंतर कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत आणि वर्तुळात दुडक्या चालीने चालवितात. पुढचा पाय दुखत असल्यास तो टेकताना डोके वर उचलले जाते व निरोगी पाय टेकताना खाली येते. मागचा पाय दुखत असल्यास पुठ्ठ्यांची वरखाली हालचाल विषम होते. शरीराचा सु. 60% भार पुढच्या पायांवर असतो व त्यांतील लंगडेपणाचे मूळ बहुतेक वेळा खुरात सापडते. म्हणून नालेचा खिळा वर्मी लागणे, खुरात पू होणे, तळव्यास इजा होणे व पावसाळ्यातील काळ्या चिकणमातीच्या ओलीने खुराची पुतळी कुजणे या गोष्टी आधी पाहाव्या लागतात. सांधा काही वेळ दुमडून धरून लगेच चालविणे, मज्जातंतू बधिर करणे व क्ष-किरण चित्रण यांनी दुखण्याची जागा निश्चित करतात.

दात व गती : पूर्ण वाढ झालेल्या नरास साधारणतः 40 ते 42 व मादीस 36 ते 40 दात असतात. मादीत सुळे बहुधा नसतात. घोड्याचे दात दरवर्षी 2 ते 3 मिमी. वर येत राहतात व चर्वणाने तितकेच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांच्या गालाकडील व खालच्या दाढांच्या जिभेकडील कडा झिजत नाहीत. तेथे तीक्ष्ण टोके तयार होऊन गाल व जीभ सोलली जाते. गवत व कडबा चावताना जबडा आडवा फिरतो. भरडलेले धान्य चावताना ही हालचाल कमी होते. म्हणून कोरड्या चाऱ्याऐवजी हरभऱ्यावर व पेंडीवर अधिक पोसलेल्या घोड्यात हा दोष लवकर उद्भवतो. दाढांना आकडे येणे, त्यांची ओळ लाटेसारखी होणे, दात मोडणे व पहिल्या दाढेपुढील अवशिष्ट ‘लांडगा-दात’ लगामाच्या कडीखाली सापडणे हे अन्य दोष होत.

तोंड दुखत असलेला घोडा लगामाचा ताण टाळण्यासाठी मान उंचावतो किंवा एका बाजूस वळवितो. त्यामुळे पाठ ताठ राहते, पाऊल आखूड पडते व पाहणाऱ्यास घोडा लंगडतो असा भास होतो. अर्धवट चावलेल्या चाऱ्याच्या गुठळ्या तोंडातून पडणे, तोंडास दुर्गंधी येणे, शेणात अख्खे दाणे दिसणे व कृशता ही जोडीची लक्षणे होत. नीट न चावलेल्या चाऱ्यामुळे पोटशूळही उद्भवू शकतो. दातांच्या विषमतेमुळे कंठास्थीशी निगडित स्नायूंमार्फत साऱ्या शरीराचा तोल बिघडतो, असेही प्रतिपादन केले जाते. मात्र त्यास भक्कम पुरावा नाही.

उपचारासाठी घोड्यास औषधाने गुंगी आणून तोंड उघडे ठेवणारी चौकट बसवितात आणि लांब दांड्याच्या कानशीने टोके घासतात. चर्वणाचा पृष्ठभाग गुळगुळीत करावयाचा नसतो. अधिक घासल्यास दाताचा मगज उघडा पडण्याचा धोका असतो. वर्षातून एकदा व दात बदलण्याच्या वयात म्हणजे पाच वर्षांपर्यंत वर्षातून दोनदा तोंड तपासणे इष्ट होय. दातांवरून वय ठरविण्याची विद्या भारतात प्राचीन असून वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही ती आढळते. सारंगखेड्यासारख्या बाजारात आजही खरेदीदार घोड्याचे तोंड उघडून पाहतो. परंतु पाहणी पुढच्या दातांपाशी थांबते व विकार असतो तो मागच्या दाढांत.

मेरुहस्तोपचार : ही पद्धती डॅनिएल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे माणसांसाठी सुरू केली. जनावरांसाठी तिचा संघटित प्रसार करणारी अमेरिकन व्हेटर्नरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन ही संस्था 1989 मध्ये स्थापन झाली. घोड्याच्या कण्यात मानेचे 7, छातीचे 18, कमरेचे 6, त्रिकास्थीचे 5 व शेपटीचे 15 ते 21 मणके असतात. जाड स्नायू व बळकट बंध यांनी ते आवळलेले असल्याने ‘सरकलेला मणका हाताने जागी बसविणे’ ही लोकप्रिय कल्पना शरीररचनेस धरून नाही. दाबाचा परिणाम मुख्यतः सांध्याची हालचाल व स्नायूंचा ताण यांवर होतो. पाठीचे दुखणे कमी होऊन तिची लवचिकता वाढते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. परंतु हे प्रयोग लहान व अल्पमुदतीचे असून पायाच्या विकारातून आलेला लंगडेपणा या उपचाराने बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. खोगीर चुकीचे बसणे किंवा वाहनाच्या दांड्यांचा भार पाठीवर येणे हे मूळ कारण असल्यास ते दूर केल्यावाचून उपचार टिकत नाही. अस्थिभंग, जंतुसंसर्ग, अर्बुद व मज्जारज्जूचे विकार यांत हा उपचार वर्ज्य आहे.

विभेदक निदान : भारतात याबाबतीत कुमरी हा रोग विशेष महत्त्वाचा आहे. सेटारिया डिजिटाटा हा सूत्रकृमी गुराढोरांच्या उदरपोकळीत असतो व त्याचा प्रसार डासांमार्फत होतो. घोड्यात त्याची अपक्व अवस्था मज्जारज्जूत शिरल्यास कंबर लुळी पडते, मागील पाय अडखळतात व वळताना घोडा झोकांड्या खातो. ज्वर मात्र नसतो व भूकही टिकून राहते. गुरे व डास जेथे मुबलक आहेत तेथे, विशेषतः पावसाळ्यानंतर, असे लक्षण दिसल्यास कंबर चोळण्यात वा दाबण्यात वेळ घालविणे घातक ठरते. मज्जारज्जूची इजा भरून येणे कठीण असल्याने कृमिनाशक उपचार लवकर व्हावा लागतो. जबडा व अंग ताठरल्यास धनुर्वाताची, तर विश्रांतीनंतर कामास लावताच कंबर आखडून लघवी काळपट झाल्यास स्नायुविकाराची शंका घ्यावी. गिळता न येणे व लाळ गळणे ही अलर्क रोगाचीही लक्षणे असतात. अशा वेळी घोड्याच्या तोंडात हात घालू नये.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यास आहे. 1965 च्या नियमांनी ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांना काटेरी लगाम घालण्यास मनाई केली आहे. तोंडाच्या कित्येक जखमा या मनाईच्या पालनाने टळू शकतात. वऱ्हाडातील जनावरांसाठी अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आणि नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय ही जवळची शिक्षण केंद्रे आहेत. गावच्या पशुवैद्याने खूर, तोंड व पाठ या क्रमाने केलेली तपासणी, चांगला नालबंद आणि भरपूर कोरडा चारा यांच्या योगाने बहुतेक गतिदोष वेळीच ओळखता किंवा टाळता येतात.