डाय बदलताना वेळ कुठे जातो?

कळमेश्वरात जेएसडब्ल्यूचा रंगीत आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा कारखाना आहे. एवढ्या मोठ्या उद्योगात सुधारणेचं काम पाहायला वेगळी माणसं नेमता येतात. दोन-चार पॉवरप्रेसच्या छोट्या शेडमध्ये मालकच सुपरवायझर आणि खरेदीवालाही तोच. आपलं शेड असं असेल, तर ‘लीन’ची सुरुवात डाय बदलण्यापासून करा. लीन म्हणजे गिऱ्हाईक ज्याचे पैसे देत नाही, असं काम हुडकून कमी करणं. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलताना प्रेस थांबलेली असते आणि त्या वेळेचं बिल कुणाच्याच नावावर फाडता येत नाही.

बरेच जण सुरुवात झाडलोट, रंगरंगोटी आणि भिंतीवरच्या पाट्यांनी करतात. आठ दिवस शेड चकचकीत दिसतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याआधी नुसतं बघा.

जुन्या मालाचा शेवटचा नग पडला की घड्याळ लावा. नव्या मालाचा पहिला चांगला नग निघेपर्यंत ते चालू ठेवा. मोबाइलवर चित्रीकरण करा, पण सेटरला आधी सांगून आणि नंतर त्याच्यासोबत बसूनच ते पाहा. त्यावरून कुणाला झापलंत, तर पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर नाटकच दिसेल.

चित्रीकरणात डाय बसवण्यापेक्षा शोधाशोधच जास्त दिसली, तर नवल वाटायला नको. जपानी अभियंते शिगेओ शिंगो 1950 मध्ये हिरोशिमाच्या एका वाहन कारखान्यात 800 टनी प्रेसवरची डायबदली पाहत होते. एक बोल्ट सापडेना. कामगार तासाभराने परतला तो शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून! शेजारच्या मशीनची पाळी येईल तेव्हा काय, हा प्रश्न शिंगोंना पडला, आणि इथूनच त्यांनी कामाचे दोन भाग पाडले.

पहिला भाग, मशीन थांबवल्याशिवाय करताच येत नाही तो. दुसरा, मशीन चालू असतानाही उरकता येतो तो: पुढची डाय जवळ आणणं, बोल्ट-पाने मोजून ट्रॉलीवर ठेवणं, पत्रा आणून ठेवणं. पंगत बसल्यावर वाढप्याने पळी शोधायची नसते. ही वाटणी कागदावर करा. निव्वळ एवढ्याने बराच वेळ सुटतो आणि खर्च जवळपास शून्य.

मग थांबलेल्या वेळातलं काम आटपशीर करा. सगळ्या डायची उंची पॅकिंग-पट्ट्या लावून सारखी केली, तर प्रेसचा स्ट्रोक दर वेळी जुळवावा लागत नाही. बोल्टचे पंधरा आटे फिरवले, तरी खरी पकड शेवटच्या आट्यालाच येते; म्हणून जरुरीपुरत्या लांबीचे, एकाच मापाचे बोल्ट वापरा. महागडे झटपट क्लॅम्प आधीच विकत घेऊ नका, ते सगळ्यात शेवटी. आणि घाई कितीही असो, मेन स्विच बंद करून सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय प्रेसखाली हात घालायचा नाही. हा वेळ वाचवायचाच नाही.

टोयोटात 1969 मध्ये 1000 टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. शिंगोंच्या मदतीने सहा महिन्यांत ते दीड तासावर आलं, आणि पुढे तीन मिनिटांवर. आपल्याला तीन मिनिटांचा हट्ट नको. दर बदलीची वेळ प्रेसजवळच्या फळ्यावर लिहिली तरी पुरे. रात्रपाळीलाही तोच क्रम शिकवा, नाहीतर सकाळी ट्रॉली रिकामी आणि पाने गायब.

आणखी एक चूक फार होते. बदली लवकर व्हायला लागली, तरी माल जुन्याच सवयीने महिन्याभराचा एकदम काढला जातो. मग वाचलेला वेळ गोदामात गंजत पडतो. डाय चटकन बदलते ना, मग लॉट लहान करा. ऑर्डर आहे तेवढाच माल काढा. आणि ‘वेळ वाचला, आता एक हेल्पर कमी’ असं चुकूनही बोललात, तर पुढची सूचना कुणीच आणणार नाही.

बाहेरचा जाणकार हवा असेल, तर केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च 2023 मध्ये सुरू केलेल्या लीन योजनेची चौकशी करा. तिच्यात बेसिक, इंटरमिजिएट आणि अॅडव्हान्स्ड असे तीन टप्पे आहेत. सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलतं. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. सल्लागार पहिल्यांदा येईल तेव्हा फळ्यावरच्या वेळा आणि ते चित्रीकरण त्याच्यापुढे ठेवा.