कॅटाटोनिया म्हणजे काय?

'स्टॅच्यू'चा खेळ तुम्ही खेळला असालच. हात वर असताना 'स्टॅच्यू' झाला, तर थोड्याच वेळात हात भरून येतो. आता अशी कल्पना करा, की एक माणूस हात अर्धवट उचलून तासन्‌तास बसून आहे. डोळे उघडे आहेत. पण हाकेला ओ नाही, पाणी पुढे केले तरी तो पीत नाही. तो झोपलेला नाही, बेशुद्धही नाही. मग त्याला झाले आहे तरी काय?

या अवस्थेला डॉक्टर 'कॅटाटोनिया' म्हणतात. हे नाव कार्ल कालबाउम या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८७४ साली रूढ केले. ग्रीक भाषेत 'टोनोस' म्हणजे ताण.

हालचाल आणि बोलणे जवळजवळ थांबणे, याला 'स्टुपर' म्हणतात. पण ते कॅटाटोनियाचे केवळ एक लक्षण होय. काही रुग्णांचा हात दुसऱ्याने उचलला, तर मेणाच्या बाहुलीप्रमाणे तो तसाच राहतो. काही जण ऐकलेलेच शब्द पुनःपुन्हा उच्चारतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली अशी १२ लक्षणे दिली. त्यांपैकी निदान तीन आढळली, तरच हे निदान करतात.

हा स्किझोफ्रेनियाचाच एक प्रकार, असे पूर्वी मानीत. आज आपल्याला माहीत आहे, की तीव्र नैराश्य, उन्माद किंवा मेंदूचा दाह यांतही तो होतो. ताप म्हटल्याने हिवताप की विषमज्वर हे कळत नाही ना? तसेच येथेही मूळ आजार शोधावा लागतो.

यावर उपचार आहेत. लोराझेपाम या औषधाने पुष्कळ रुग्ण लवकर बोलू-चालू लागतात. गुण न आल्यास भूल देऊन मेंदूला सौम्य विद्युत्‌-उपचार देतात. उशीर मात्र घातक ठरतो. अन्नपाण्यावाचून शरीर सुकते. हालचाल नसल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

बरे झालेले कित्येक रुग्ण सांगतात, की त्या वेळी आम्हांला सारे ऐकू येत होते आणि मनात विलक्षण भीती दाटली होती. म्हणून अशा माणसाला 'सोंग करतो' किंवा 'झपाटले आहे' असे म्हणू नका. मोठ्यांना सांगून त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायला लावा. आणि त्याच्यापाशी बोलताना मायेनेच बोला. तो ऐकत असेल!